गुलाबी बोंडअळी बीटीतून निघालेली नाही

मे महिना संपत आला, बियाण्याच्या दुकानांसमोर गर्दी व्हायला लागली, की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. दरवर्षी चार शब्द बदलतात, गाभा तोच. यंदा तो मला आठवड्याभरात चार जणांनी पाठवला. त्यातले एक आमच्या धुऱ्याला धुरा लागून वावर असलेले काकाजी. डवरा कसा धरायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो. मजकुराखाली त्यांनी लिहिलं होतं, "बाबू, तू शिकलेला आहे. हे खरं हाय का, सांग." त्यांना फोनवर सांगून झालं, पण हा मजकूर हजारो लोकांच्या हातात आहे, म्हणून लिहून काढतो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: बीटी कपाशी ही पहिल्या दिवसापासूनची फसवणूक आहे, तिचा शेतकऱ्याला कधीच उपयोग झाला नाही. गुलाबी बोंडअळी या बीटीच्या प्रयोगातूनच जन्माला आली. बियाणं 'टर्मिनेटर' आहे, ते पुन्हा उगवत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं गेली, ती बीटीच्या झाडातून निघणाऱ्या विषाने श्वास कोंडून गेली. सरकीचं तेल माणसाला आणि ढेप जनावराला विषारी आहे. आणि सगळ्यात शेवटी उपाय: 'तणनाशक बीटी' लावा, ना निंदण ना अळी. खाली मोबाईल नंबर.

म्हणजे वर पाच परिच्छेद बीटी हे विष असं सांगायचं आणि सहाव्यात बीटीच विकायची. हे आधी लक्षात घ्या, मग पुढे वाचा.

'कधीच उपयोग झाला नाही' या वाक्यापासून सुरुवात करतो. हे वाक्य लिहिणाऱ्याने नव्वदच्या दशकातली कपाशी पाहिलेली नाही, किंवा तो विसरला आहे. तेव्हा वैरी होती हिरवी अळी, अमेरिकन बोंडअळी. आम्ही पोरं शाळेतून आलो की डबा घेऊन अळ्या वेचायला वावरात जायचो. औषध मारूनही ती मरत नव्हती, कारण पायरेथ्रॉइड औषधांना ती सरावली होती. १९९७-९८ च्या हंगामात वारंगळ भागातल्या कापूस उत्पादकांवर जे संकट कोसळलं, त्यात याच अळीचा मोठा हात होता. २००१ मध्ये गुजरातेत हिरव्या अळीने शेतंच्या शेतं खाल्ली आणि मधूनमधून काही शेतं तशीच हिरवीगार उभी राहिली. चौकशी झाली तेव्हा कळलं, की 'नवभारत १५१' नावाच्या त्या वाणात परवानगी नसलेलं बीटी जनुक होतं. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला रीतसर मान्यता मिळाली, त्याआधीची ही गोष्ट.

बीटी म्हणजे काय, हेही या मजकुरात कुठे सांगितलेलं नाही. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नावाचा एक जिवाणू मातीत राहतो. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला आणि १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत. थुरिंजिया या जर्मन प्रांतावरून त्याला नाव मिळालं. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. ते अळीच्या आतड्यात गेलं की तिथल्या पेशींना भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. ते प्रथिन बनवण्याचं जनुक कपाशीत घातलं, इतकंच. झाडाला दुसरी कुठली शक्ती मिळालेली नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि बोंडंही त्यामुळे जास्त लागत नाहीत. ते बोंडं वाचवतं.

हिरव्या अळीपासून ती वाचली, आजही वाचताहेत. गेल्या वीस वर्षांत कपाशीत हिरव्या अळीने हाहाकार केल्याचं तुम्ही कधी ऐकलं? देशाची सरासरी २००१-०२ मध्ये हेक्टरी तीनशे किलो रुईच्या आसपास होती, २००७-०८ पर्यंत ती साडेपाचशेच्या वर गेली. इथे मला कंपन्यांच्या जाहिरातींनाही उत्तर द्यायचं आहे. ही सगळी वाढ बीटीची नव्हती. त्याच काळात गुजरातेत पाण्याची सोय वाढली, सगळीकडे खताचा वापर वाढला, नवी औषधं आली, संकरित वाणांखालचं क्षेत्र वाढलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचे आकडे मांडले. त्यांचा निष्कर्ष होता, की उत्पादनवाढीचं श्रेय बीटीला फारसं जात नाही आणि कीटकनाशकांवरचा शेतकऱ्याचा खर्च आता बीटीपूर्वीपेक्षाही वाढला आहे. तो खरा आहे. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजायला लावले, तेही खरं आहे. फसवणूक कुठे झाली म्हणाल, तर 'बीटी लावा आणि निश्चिंत व्हा' हे सांगण्यात झाली. बीटीत काहीच नव्हतं, असं मात्र नाही.

आता मुख्य मुद्दा, गुलाबी अळीचा. आम्ही तिला शेंदरीही म्हणतो. 'ती बीटीतून जन्मली' या एका वाक्यामुळे दरवर्षी लाखो एकरांचं नुकसान होत राहतं, असं मला वाटतं, कारण रोगाचं मूळ चुकीचं सांगितलं की माणूस औषधही चुकीचं घेतो.

या अळीचं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये केलं, तेही भडोचच्या कपाशीतून आलेल्या नमुन्यांवरून. भडोच म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेतलं. म्हणजे बीटीच्या दीडशे वर्षं आधी ही अळी इथे होती. उलट इथूनच सरकीतून ती इजिप्तला गेली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये पोचली. परदेशातून कुणी ती आपल्याकडे आणलेली नाही.

मग बीटीवर ती जगायला कशी लागली? २०१७ च्या नोव्हेंबरात मी आमच्या वावरात एक बोंड तोडलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेरून हिरवं, टणक, एक डाग नाही, भोक नाही. लहानगी अळी आत शिरते आणि तिचं भोक मागून बुजून जातं. अंगठ्याच्या नखाने बोंड फोडलं तर चारातल्या दोन पाकळ्या पिवळट-तपकिरी, रुई चिकटलेली, आणि सरकीत डोकं खुपसून बसलेली गुलाबी अळी. त्याच्या महिना-दीड महिना आधी झाडांवर डोमकळ्या दिसल्या होत्या, म्हणजे अळीने आतून धाग्याने शिवून टाकलेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं. तेव्हाच तोडून जाळली असती तर बरं झालं असतं. आम्ही म्हणालो, बीटी आहे, काय होतंय.

अळी सरकी खाते, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडची जवळपास सगळी बीटी कपाशी संकरित आहे. दोन आईबापांपैकी बहुधा एकाकडूनच बीटी जनुक येतं. त्यामुळे झाडाच्या पानाफुलांत सगळीकडे बीटी असते, पण त्याच झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. तिच्यात वाटणी होते: एका जनुकापुरतं बोलायचं तर साधारण चार सरक्यांतली एक बिनबीटीची. अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी मिळते. जी थोडीफार सहन करू शकते, ती थोडी विषारी, थोडी साधी सरकी खाऊन तगते. त्यात आपली वाणं सहा-सात महिन्यांची. झाड म्हातारं होत जातं तसं त्यातलं बीटीचं प्रमाण उतरतं, आणि गुलाबी अळी नेमकी उशिरा, ऑक्टोबरनंतर जोर धरते. वरून आपण पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पराठी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवतो. अळीला एकामागून एक पिढ्या काढायला याहून चांगली सोय कुणी करून देणार नाही.

हिरव्या अळीचं असं का झालं नाही, असा प्रश्न काकाजींनी मला केला. फार बरोबर प्रश्न. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर जगते. तिथे बीटी नाही. तिथले बीटीला न सरावलेले पतंग कपाशीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. गुलाबी अळीचा संसार जवळजवळ सगळा कपाशीवरच. तिच्यासाठी अशी बिनबीटीची जागा आपणच ठेवायची होती. पिशवीसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट त्याचसाठी येत होतं: पाच ओळी कडेने किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. आमच्या घरी ती पाकिटं गोठ्याच्या आढ्याला खोचलेली होती, न फोडलेली. गावात एकानेही ती पेरलेली मला आठवत नाही. ती का पेरायची हे दुकानदाराने सांगितलं नाही, आणि काही पाकिटांतलं बी धड उगवतही नव्हतं. यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही.

पहिल्या बीटीवर, म्हणजे एका जनुकाच्या कपाशीवर, जगणारी गुलाबी अळी गुजरातेतल्या अमरेलीत सापडली आणि बीटी तंत्र विकणाऱ्या मोन्सँटो कंपनीने ते मार्च २०१० मध्ये जाहीर केलं. दोन जनुकांची कपाशी २००६ मध्ये आली होती. २०१४-१५ पर्यंत तीही गुलाबी अळीसमोर दुबळी पडली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी भोगलं. २०२१ मध्ये पंजाबात भटिंडा-मानसा भागात तेच.

पण हे सगळ्या जगात झालं नाही, आणि तिथेच त्या मजकुराचं म्हणणं कोसळतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून तीच बीटी जनुकं वापरली. तिथे सरळ वाण होते, म्हणजे सगळ्या सरकीत बीटी, आणि नॉन-बीटीच्या ओळी सक्तीने पेरून घेतल्या. पुढे बीटीसोबत वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले, मादीच्या वासाने नर पतंगांना भुलवणारे कामगंध वापरले, हंगाम संपल्यावर शेतं साफ केली. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात तर वेगळंच घडलं. संकरित बियाणं महाग म्हणून तिथले शेतकरी त्याची दुसरी पिढी पेरू लागले. वाटणीमुळे शेतात चारातलं एक झाड बिनबीटीचं उगवलं, तेही विखुरलेलं. रेफ्युजी, म्हणजे अळीसाठी बिनबीटीची जागा, आपोआप तयार झाली आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जी वाटणी आपल्या बोंडात सरकीच्या पातळीवर घात करते, तीच तिथे झाडाच्या पातळीवर उपयोगी पडली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होतो.

'टर्मिनेटर' बद्दल फार लिहायला लागू नये. दुसऱ्या पिढीचं बी उगवूच नये अशा तंत्राचं पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, पण ते तंत्र जगात कुठेच विक्रीला आलं नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात अशा तंत्राच्या बियाण्याच्या नोंदणीलाच मनाई आहे. बीटीची सरकी उगवते. घरी ओल्या गोणपाटात वीस दाणे टाकून बघा. दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं ते संकरामुळे: पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडं उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा अशी येतात. आणि संकरित कपाशी काही बीटीने आणली नाही. जगातला पहिला व्यापारी कापूस संकर 'एच-४' सुरतेत सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिला. नांदेडचा एनएचएच-४४ तर आपल्या सरकारी विद्यापीठाचा, आणि बीटी यायच्या कितीतरी आधीपासून मराठवाडा-विदर्भात लोक तो दरवर्षी विकत घेत होते. सरळ वाणात बीटी असती तर घरचं बी राखता आलं असतं. ती मागणी मी जोरात करतो. पण त्यासाठी 'टर्मिनेटर' चं भूत उभं करायची गरज नाही.

२०१७ ची विषबाधा. याबद्दल शांतपणे लिहिणं मला जमत नाही. त्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. बहुतेक मजूर, दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे. आमच्या ओळखीचा एक जण वाचला. आठवडाभर त्याला धूसर दिसत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तो सांगत होता, पराठी डोक्याच्या वर गेलेली, नळी वर धरून फवारायचं आणि तेच तुषार तोंडावर घेत पुढे सरकायचं. अंगात ओला शर्ट, तोंडाला काही नाही, दुकानदाराने दिलेली दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली. हवा दमट, वारा नाही.

यात बीटी कुठे आहे? कपाशीचं झाड हवेत कुठलंही विष सोडत नाही. बीटीचं प्रथिन पेशींच्या आत असतं, ते वाफ होऊन उडत नाही. त्या माणसांना बाधलं ते मुख्यतः प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनी. ही औषधं श्वासातून आणि कातडीतूनही आत जातात आणि शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग नसांचे संदेश थांबतच नाहीत: लाळ, घाम, उलट्या, छातीत घरघर. श्वासनळ्या आवळतात, फुप्फुसं स्रावाने भरतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकून थांबतात. डॉक्टर ॲट्रोपीन देतात आणि छातीतली घरघर कोरडी होईपर्यंत देत राहतात, ते यामुळेच. श्वास कोंडला हे मजकुरात बरोबर लिहिलं आहे. कशाने, ते खोटं. आणि हे खोटं ज्याच्या सोयीचं आहे तो म्हणजे भाजीपाल्यावर बंदी असलेलं औषध कपाशीच्या नावाखाली विकणारा, आणि मजुराला मास्क-हातमोजे न देता पंप पाठीवर चढवणारा. झाडाला दोष दिला की या दोघांना कुणी विचारत नाही.

सरकीच्या तेलाचं उत्तर छोटं आहे. बीटीचं प्रथिन अळीला मारतं ते तिचं आतडं अल्कधर्मी असतं आणि तिथल्या पेशींवर ते प्रथिन चिकटायची ठराविक जागा असते म्हणून. माणसाचं जठर आम्लधर्मी, ती जागा आपल्यात नाही, गायी-म्हशीतही नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं जवळपास उरतच नाहीत. सरकीत खरोखरचं अपायकारक काही असेल तर ते गॉसिपॉल. ते देशी कपाशीतही असतं आणि तेल शुद्ध करण्यामागचं एक कारण तेच आहे. वासरांना आणि कोंबड्यांना सरकी बेताने द्यावी, हे जुनी माणसं बीटीच्या आधीपासून सांगत आली आहेत. २००६ मध्ये वारंगळकडे कपाशीच्या शेतात चरून मेंढ्या मेल्याच्या बातम्या आल्या होत्या, मजकुरासोबत फिरणारा मेलेल्या मेंढ्यांचा फोटो बहुधा त्या आठवणीवर बेतलेला. तेव्हा तपासात नायट्रेट-नायट्राइट आणि कीटकनाशकांचे अंश यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, बीटीशी संबंध जुळला नाही. फवारलेल्या वावरात मेंढ्या घालू नका. बीटी असो की नसो.

राहिला तो मोबाईल नंबर. 'तणनाशक बीटी', म्हणजे आमच्याकडे ज्याला एचटीबीटी म्हणतात, त्याला देशात मान्यता नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ती उघडपणे लावून आंदोलन केलं होतं. निंदणाला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे त्यामागचं दुःख खरं आहे आणि मान्यता द्यावी की नाही हा वाद रास्त आहे. पण अळीचं काय? त्या बियाण्यात बोंडअळीसाठी असलेली दोन जनुकं तीच, जी गुलाबी अळीने आधीच पचवली आहेत. तिसरं जनुक ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्याचं, ते अळीला काही करत नाही. 'ना अळी' हे सरळ खोटं आहे. शिवाय बिल नाही, पिशवीवर लॉट नंबर नाही. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार?

काकाजींना मी फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग करू काय?" मी म्हणालो, जूनआधी पेरू नका. सरकारनेही मध्यंतरी जूनआधी बियाणं विकायला बंदी घातली होती ती याचसाठी, की मातीतून आणि सरकीतून निघालेल्या पतंगांना अंडी घालायला फूल मिळू नये. कमी दिवसांचं वाण घ्या. पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या की एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच औषधाचा विचार करा, आधी नाही. डोमकळ्या दिसल्या की तोडा. डिसेंबरात पराठी उपटा.

आणि एक आजच करा, म्हणालो. तुमच्या धुऱ्यावर मागल्या वर्षीच्या पराट्यांचा ढीग आहे, त्याला अजून वाळकी, न फुटलेली बोंडं लटकलेली आहेत. त्यातलं एक फोडून बघा.

संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटलेल्या, मधे मुटकुळं करून पडलेली अळी. जिवंत होती.